बेटाची पंतप्रधान आणि माझी गाडी

४ ऑगस्ट, सोमवार
नवं पर्व! हवामान-बदलाच्या खेळाला मुख्याध्यापिका बाईंची परवानगी मिळाली. नववीची मुलं देश होणार, वाटाघाटी करणार, करारावर सह्या करणार. मी परिषदेचा अध्यक्ष. महिनाअखेरीस शिक्षणाधिकारी बघायला येणार. तेव्हाही अध्यक्ष मीच, हे सांगायची गरज नाही. तरी बाईंना दोनदा सांगून ठेवलं.
संकल्प : उद्यापासून शाळेत चालत. शाळा काय, कोपऱ्यावर तर आहे.

५ ऑगस्ट
गाडीने गेलो. चार्टपेपरच्या गुंडाळ्या होत्या. चालताना चुरगळल्या असत्या.

७ ऑगस्ट, गुरुवार
पहिली फेरी. खेळाच्या नियमाप्रमाणे श्रीमंत देशांना टेबल, खुर्च्या, बिस्किटं. गरीब देश जमिनीवर. आमची कन्या बुडणाऱ्या बेटाची पंतप्रधान. तिला सतरंजीसुद्धा दिली नाही. घराणेशाहीचा आरोप नको.
श्रीमंतांनी बिस्किटं फस्त केली आणि विचार करून सांगतो म्हणाले. मुलांचे निर्णय भरले की कॉम्प्युटर पृथ्वीच्या तापमानाची रेघ काढतो, ती वर वर चाललेली. शेवटी मीच भाषण ठोकलं : सुरुवात स्वतःपासून करा! टाळ्याच टाळ्या. कन्या तेवढी खिडकीतून माझ्या गाडीकडे बघत होती. लक्ष नसतं पोरीचं.

८ ऑगस्ट
जेवताना कन्येने विचारलं, बाबा, गाडी कधी बंद? म्हटलं, एकदम कसं जमेल, टप्प्याटप्प्याने. पहिला टप्पा कधी, म्हणे. म्हटलं, आधी विज्ञानाच्या सरांना मोटारसायकल सोडू दे, मग बघू. बायको म्हणाली, अगदी श्रीमंत देश शोभता. बरं वाटलं. तिलाही खेळ कळायला लागलाय.

११ ऑगस्ट
चालत निघालो! फाटकापर्यंत गेलो. बूट चावला. संध्याकाळी नवे बूट आणायला गेलो. गाडीने.

१४ ऑगस्ट, गुरुवार
बसवत नाही, उभ्यानेच लिहितोय.
दुसरी फेरी सुरू होताच कन्येने बिस्किटांचे पुडे ताब्यात घेतले. करार होईपर्यंत कुणालाच मिळणार नाही म्हणाली. श्रीमंत देश सुतासारखे सरळ! कोळसा बंद, जंगलतोड बंद, गरिबांना मदत. रेघ खाली वळली. माझे डोळे भरून आले.
मग तिने शेवटचं कलम मांडलं : अध्यक्षांनी उद्यापासून शाळेत चालत यावं. सगळ्यांचे हात वर. मी शांतपणे समजावलं, की अध्यक्ष हा देश नव्हे, त्याला करार लागू होत नाही. आणि लागू करायचाच असेल तर मला निवृत्तीपर्यंत मुदत हवी.
श्रीमंत देशांचा म्होरक्या उठला. मग आम्हालाही यांच्या निवृत्तीपर्यंत मुदत द्या म्हणाला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. बघता बघता करार फिसकटला. रेघ पुन्हा वर. बाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.
मुलांची तयारीच कमी.
रात्री कन्येने घरीसुद्धा मला सर म्हणून हाक मारली. फार लागलं.

१८ ऑगस्ट
बाईंनी बोलावलं. शिक्षणाधिकाऱ्यांसमोरच्या प्रयोगाला अध्यक्ष कन्या. मला वेगळी, आव्हानात्मक भूमिका : तेलकंपनीचा माणूस. नाराज वगैरे अजिबात नाही. अनुभवी माणसालाच असं काम देतात.
नवा बूटही चावतो. दुसऱ्या पायालाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
प्रयोग झाला. मी काहीच पाठ केलं नव्हतं, सगळं आपोआप सुचत गेलं. टप्प्याटप्प्याने, आधी ते, मग आम्ही. कन्येने एकेक मुद्दा खोडून काढला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शिक्षणाधिकाऱ्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, इतका सहज अभिनय पाहिला नाही.
शाळा सुटल्यावर कन्या एकटीच चालत निघाली. मी गाडी तिच्या बाजूने हळूहळू नेली, काच खाली केली, म्हटलं, बस पोरी, दमली असशील. ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, नको सर, तुम्ही व्हा पुढे.
मी पुढे झालो. गाडी लावायला जागा मिळेना. तिसऱ्या फेरीला घरासमोरून गेलो, तेव्हा ती हातपाय धुऊन खिडकीत उभी होती.