विहीणबाईंचा नवा कोल्हा

२ जुलै २००८
आमच्या लेकीने, रूपाने, मस्कतहून बाळाचे फोटो टाकले. कुठल्याशा नव्या अल्बमवर. आमच्या कोल्ह्यात पान उघडतं, पण पांढरंफटक. वर नुसती नावाची पट्टी.
मंदा म्हणाली, "आधी ब्राउझर म्हणा. शेजारीपाजारी हसतात, काका कोल्हा पाळतात म्हणून."
त्याच्या चित्रात कोल्हा आहे तर मी काय करू?

४ जुलै
वि.बाईंचा फोन. रूपाच्या सासूबाई. "अण्णा, पाहिलेत का फोटो? हनुवटी थेट आमच्याकडची हो!"
मी म्हटलं, हो हो, पाहिले, गोड आहे.
खोटं बोललो. पण काय सांगणार? ज्यांच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स चढवलं, त्यांना दिसतं नि मला दिसत नाही?
हनुवटी त्यांची कशी ते बघायचंय मला. बघितल्याशिवाय भांडता पण येत नाही.

५ जुलै
पोटातलं इथे तरी लिहितो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. डॉक्टरने विमान नको सांगितलं, आणि मग गेलं कोण? वि.बाई. जावईबापूंनी तिकीट पाठवलं. आमच्या मंदाचा पासपोर्टच नव्हता. त्या नातवाला मांडीवर घेऊन, तेल लावून, परत येऊन बसल्या काशीमिऱ्याला. तेव्हा रूपाशी मी फोनवर नीट बोललो नाही. हूं, बरं, ठीक. एवढंच.
आता फोटोसुद्धा आधी त्यांनाच.

९ जुलै
कारण सापडलं. कारण मीच.
दोन वर्षांमागे वि.बाईंच्या कॉम्प्युटरला व्हायरसने खाल्लं, तेव्हा मी विंडोज काढून लिनक्स घालून दिलं. चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आमचे व्याही म्हणजे सोनं." कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात जन्म गेला, तिथे मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. फुशारून मी नियम घालून दिला, "कोपऱ्यात अपडेटची नारिंगी चांदणी आली की दाबायची. जास्त विचार करायचा नाही." बाईंनी अक्षर न् अक्षर पाळलं. सकाळी देवापुढे दिवा, मग चांदणी.
आणि मी? मी माझी चांदणी बंद करून ठेवली. जुन्या कोल्ह्यात मराठी फुटायचं. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षरं लंगडी. एका फाईलमध्ये हात घालून, चुकत चुकत, मी ते बसवलं. 'लक्ष्मी' नीट उमटली तेव्हा मंदाला हात धरून उठवली होती. अपडेट आलं तर माझी फाईल पुसेल, या भीतीने दाराला कडी.
आता माझी आवृत्ती इतकी म्हातारी की बनवणाऱ्यांनीच अपडेट पाठवणं बंद केलंय. कडी काढली तरी दारात कुणी नाही.

१३ जुलै
नवा कोल्हा हाताने उतरवायचा प्रयत्न. अख्खी दुपार गेली. उतरला, पण उघडेना. म्हणे खालचं सामान जुनं आहे. म्हणजे सगळंच बदला. मधेच लाईट गेली, बरंच झालं.
खालच्या जयंतीभाईंनी सल्ला दिला, "काका, विंडोज डालो ने, शांती." नमस्कार केला.

१९ जुलै
मंदाने फोन ठेवला. मग म्हणाली, "अहो, पोर रडली."
एका फोटोखाली रूपाने लिहिलंय, 'बाबा, कान बघा, ओळखा कोणाचे?' सगळ्यांनी खाली काहीबाही लिहिलं. बाबा गप्प. तिला वाटतंय माझा राग अजून गेला नाही.
"मी सांगितलं तिला, फोटो उघडत नाहीत म्हणून, तर पटेना; तुम्ही विहीणबाईंना फोटो पाहिले म्हणून सांगितलंत ना. त्यांनी तेच तिला सांगितलं. आता बसा."
बसलोय.

२० जुलै
रिक्षाने काशीमिरा. वि.बाईंनी पोहे केले. सगळं सांगून टाकलं. हसल्या नाहीत, तेवढा त्यांचा मोठेपणा. खुर्ची पुढे केली.
बाळ पाहिलं. कान फुलपात्राच्या कडेसारखे बाहेर. माझे! बाजारात विचारा कुणालाही. हनुवटीत मात्र... असो, बाळाला हनुवटी असतेच कुठे.
मग खालचं मराठी दिसलं. सरळ. जोडाक्षरं घट्ट. विचारलं, "ती फाईल कुणी केली तुमच्याकडे?"
"कसली फाईल, अण्णा? मी आपली चांदणी दाबते."
नव्या कोल्ह्याला मराठी मुळातूनच येतं. पोह्यांची बशी बाजूला सरकवली.
तरी फोटोखाली लिहिलं. 'कान माझे. राग नाही गं. लवकर ये.'

२१ जुलै
घोळ! वि.बाईंच्या खात्यावरून लिहिलं ना मी. तिकडे दिसलं त्यांच्या नावाने. रूपाचं खाली उत्तर, 'आई, बाबांच्या वतीने तुम्ही नका हो लिहू. त्यांना वाटेल तेव्हा ते लिहितील.'
फोन केला तर जावईबापूंनी घेतला, ती झोपलीय म्हणाले.
तिच्यापर्यंत माझं लिहिणंही त्यांच्याच नावाने पोचावं! माझ्या खात्याचा पासवर्ड माझ्या कोल्ह्यालाच पाठ, मला नाही.

२६ जुलै
मंदाने परस्पर वि.बाईंना बोलावलं. म्हणे, नव्या आवृत्तीची सीडी तयार आहे त्यांच्याकडे. मी म्हटलं, मीच करीन.
"करा की. कधी?"


३ ऑगस्ट, रविवार
वि.बाई सकाळीच आल्या. सीडी रुमालात गुंडाळलेली. आमच्याकडे तीनला लाईट जाते, त्याआधी उरकायचं. अर्ध्यावर गेली तर सगळंच जाईल. त्या खुर्चीवर, मी स्टुलावर. माझ्याच घरात.
चाललं होतं बरं. मग थांबलं. वि.बाईंनी चष्मा वर करून वाचलं, "अण्णा, हे विचारतंय. ही फाईल तुम्ही हाताने बदललेली आहे. तुमची ठेवू, की नवीन घेऊ?"
म्हटलं, दाबा काहीतरी, इतके दिवस दाबताच आहात.
माउस सोडून दिला त्यांनी. "चांदणीचं वेगळं. हे तुमच्या हातचं आहे. मी नाही हात लावणार."
विचार करतो म्हणून वही घेऊन गॅलरीत आलो. नवीन घेतलं तर त्या रात्री मंदाला उठवली ते सगळं पुसलं. आपलं ठेवलं, आणि त्यानेच नवा कोल्हा अडला, तर रूपाला आणखी किती दिवस वाटत राहणार की बाप...
आत त्या मांडीवर हात ठेवून बसल्यात. मंदा त्यांना वाटी देतेय, काहीतरी बोलून दोघी हसल्या. माझ्यावरच असणार.
"अहो, पावणेतीन झाले!"
जातो. काय सांगायचं ते उंबऱ्यापर्यंत ठरेल.