पाठीवरच्या दोन काठ्या

१२ मे १९९९, बुधवार, अबू हलीफा, कुवेत

सई, मी सांगते तसंच लिही, तुझं शहाणपण मध्ये घालू नकोस. नातीकडून रोजनिशी लिहून घ्यायची म्हणजे मनातलंही तपासायला दिल्यासारखं वाटतं.

आज तो मेला खेळलाच नाही. दुपारी टीव्हीवर अमेरिकेचा बेसबॉल लागतो, त्यातला माझा गडी. नाव मला वाचता येत नाही, पाठीवर दोन काठ्या शेजारीशेजारी उभ्या असतात त्यावरून ओळखते. बसला तर असा तडाखा की चेंडू लोकांच्या डोक्यांवरून पार. नाहीतर आठवडाभर बॅटीने नुसता वारा घालतो. मी शिव्या देते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यासाठीच बसते. मुलगा-सून ड्यूटीवर, सई शाळेत. दुपारचं दुसरं कोण येतं माझ्याकडे?

आज एकेकाची पाठ निरखली. काठ्या नाहीत. सई घरी आल्यावर तिला विचारलं.

"आजी, ही इज बेंच्ड."

"मराठीत बोल, भवाने."

"बसवून ठेवलंय त्याला. बॉल लागत नाही ना."

"उद्या घेतील?"

"आय डोन्ट नो."

बसवून ठेवलंय. मलाही इथे आणून... हे लिहू नकोस. लिहिलंस? राहू दे मग.

उद्याही नसला तर दुपारी शिव्या कोणाला घालू?

आण ते पेन. आज अंगठा नको, सहीच्या जागी त्या दोन काठ्या मी काढते. एक वाकडी झाली. असू दे, बसून बसून होतं तसं.

। /