प्लायवूडच्या घरात आई

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

खूप आशीर्वाद, आणि रागावू नकोस. शनिवारपासून तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. बोलायला तोंड उघडलं असतं तर रडलेच असते.

माझ्या कामाचं विचारतोस ना? अरुंद प्लॉटवर झटपट उभी राहील अशा चार मजली इमारतीचा नकाशा अखेर पुरा झाला. मध्ये एकच जिना, मजल्यावर दोन घरं, दोन्हीकडून वारा. न्हाणीघरं एकावर एक, म्हणजे पाइप सरळ खाली. भिंती कारखान्यातूनच तयार होऊन यायच्या. कागदावर लोकांना कळेना, म्हणून एका गोदामात त्यातलं एक घर प्लायवूडचं उभं केलं, खऱ्या मापाचं. शनिवारी, ज्यांच्यासाठी ही घरं ती वस्तीतली माणसं आणि नकाशा मंजूर करणाऱ्या समितीचे लोक बघायला आले. मी आईलाही नेलं. न्यावंच लागलं, त्या दिवशी ती दारातून हटेना.

स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडते. ती बघून एक बाई म्हणाली, "अगं बाई, इथून तर भाजी चिरता चिरता शेजारणीशी भांडता येईल!" हशा पिकला. मी हवेतच होते. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "काय आजी, आवडलं का लेकीनं काढलेलं घर?"

आई म्हणाली, "फार छान. मी इथेच राहते. तिच्या घरी ती मला कोंडून जाते."

खिडकीतली बाई मागे सरली.

खरं आहे ते. कामाला जाताना मी बाहेरून कुलूप लावते. आई रस्त्यात हरवली होती, एकदा गॅस तसाच चालू राहिला. 'जरा विसरते' म्हणून तुला सांगत राहिले, ती सारवासारव होती.

नकाशा मंजूर झाला. अभिनंदन करताना कुणी माझ्याकडे बघेना. अध्यक्ष फक्त म्हणाले, "तळमजल्यावर म्हाताऱ्यांना बसायला एखादी खोली का नाही?" मी म्हटलं, नकाशात बसत नाही.

तेव्हापासून तीच खोली बसवतेय. जिना सरकवते, परत जागेवर आणते. मध्येच उठून आई आहे ना ते बघते. कुलूप लावायचं सोडलंय, त्यामुळे कामावर गेलेच नाही.

नकाशाचं होईल काहीतरी. आईचं मला एकटीला झेपत नाही रे. पैसे पाठवू का, असं विचारू नकोस. तू ये. बायकोलाही घेऊन ये.

काल आईला माझं नाव आठवेना. "अहो बाई," म्हणाली. तुझं मात्र अजून घेते. तोवर येऊन पोच.

तुझी
ताई