ढोलीची झाडं

प्रिय ठमाबाई,

तुझी आई म्हणते, लेकीला पत्र कसलं लिहिता, फोन करा की. मी तिला म्हटलं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? ती फणकाऱ्याने बाहेर गेली, आता तासभर घर माझं आहे.

तू विणलेला स्वेटर अंगात आहे. एक बाही लांब झाली आहे. झाडांची मापं मात्र अचूक घेतेस, असं मी सगळ्यांना सांगतो. हल्ली ऐकून घ्यायला कुणी नसतं, तो भाग वेगळा. तुझा जंगलतोडीवरचा अहवाल आल्यापासून लाकूड गिरणीत माझ्या बाकावर कुणी डबा उघडत नाही. करवतीवरचा तुझा काका मला पाहिलं की वाट बदलतो. त्याच्यावर रागावू नकोस. जंगलतोड थांबली की गिरणी थांबणार, आणि त्याची दोन्ही मुलं तिथेच कामाला आहेत. जंगल राहायला हवं हे त्यालाही कळतं, पण पोटापुढे कुणाचं काय चालतं?

सुट्टीत तू रंगाचा डबा घेऊन माझ्यामागे हिंडायचीस, आठवतं? मी उलट्या कुऱ्हाडीने खोडावर ठोकायचो. भरीव आवाज आला की लाल पट्टा, म्हणजे झाड तोडायचं. पोकळ आवाज आला की पांढरा, म्हणजे आत ढोली आहे, पाखरं राहतात, झाडाला हात लावायचा नाही. तू खोडाला कान लावून आत कोण कोण राहतं याच्या थापा मारायचीस. तेव्हा तू मला फार आवडायचीस. आताही आवडतेस, भांडकुदळ झालीस तरी.

अहवालात तू लिहिलंस की तूच आधी नोंदलेली ढोलीची एकेचाळीस झाडं दोन वर्षांत तोडली गेली. ओंडके चिरून झाले, बुंधे उपटून जाळले, पुरावा उरला नाही. गिरणीचे मालक म्हणतात, पट्टे तिच्या बापानेच मारलेत आणि त्याची तीस वर्षांत एक चूक नाही, म्हणजे पोरीचीच मोजणी खोटी. सोमवारी सुनावणीत ते हेच सांगणार आहेत. माझं एवढं कौतुक त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

तुझी मोजणी खरी आहे. दोन वर्षं झाली, माझा उजवा कान पार गेलाय, डावा जेमतेम चालतो. काम जाईल म्हणून कुणाला बोललो नाही. तुझ्या आईला वाटतं, मी मुद्दाम तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मी खोडावर ठोकायचो, सवयीने मान हलवायचो आणि लाल पट्टा मारायचो. तोडणारे पट्टा बघतात, झाड बघत नाहीत. गेल्या खेपेला फोनवर तू रडत होतीस की हसत होतीस, तेही मला कळलं नाही, नुसतं हो हो म्हणत राहिलो. त्याची फार लाज वाटते. हे पत्र सुनावणीत वाचून दाखव, एक अक्षरही गाळू नकोस. काकाला मी स्वतः जाऊन सांगेन. मग घरी ये, आणि बोलायला माझ्या डाव्या बाजूला बस.

तुझाच,
बाबा