ठिपक्यांची रेघ

॥ श्री ॥

बोईसर,
ता. ४ डिसेंबर १९६५

चि. पुष्पलतेस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पार्सल काल पोचले. आत निघाले ते असे: जाड कागद दोन दस्ते, टाक दोन, शाईची बाटली एक (झाकण सैल, निम्मी शाई फडक्याने प्यायली) आणि तुझी करवंदपाड्याची वही. टपालहशील एक रुपया दहा पैसे. एवढ्यात चिंचणीची भाजी आठ दिवस येते. असो, विद्येच्या खर्चाला मी कधी नावे ठेवली नाहीत.

तुझे अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेले अंगण. प्रबंध वीस तारखेला द्यायचा आणि प्राध्यापकांना सुवाच्य प्रत हवी, म्हणून रोज पोथी झाली की चार पाने उतरवते. अण्णा अजून समजतात की इतिहासात एम.ए. म्हणजे लढाया आणि सनावळ्या. त्यात हे मानववंशशास्त्र आले आणि लेक दिवाळीचे बारा दिवस पाड्यात बसून कोण कोणाचा पणजा ते लिहीत होती, हे संगमनेरला कळले तर उद्याच मुलगा दाखवायला घेऊन येतील. करवंदपाड्याची आपली भांडीवाली सोमी तुझी आठवण काढते. म्हणते, त्या बाईला सवताचा आजा नाय का, आमचेच इचारीत फिरते!

आणखी एक. हे ज्या ठेकेदाराकडे कारकून आहेत त्याचा रस्ता करवंदपाड्यावरून जाणार. प्रत्येक कुटुंबाला घरासाठी दुसरी जागा द्यायची आहे, त्यासाठी घरोघरची यादी हवी. तुझे वंशवृक्ष पाहून हे म्हणाले, मेहुणीने माझे पाय वाचवले. म्हणून एक प्रत मी ह्यांनाही काढून दिली. तुझी विद्या घरात उपयोगी पडली.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई

---

॥ श्री ॥

बोईसर,
ता. २० फेब्रुवारी १९६६

चि. पुष्पलतेस आशीर्वाद.

बातमी वाईट आहे. सोमीचा नवरा देवू गेला. लाकूड तोडताना कुऱ्हाड पायावर बसली, त्याने पाला बांधला आणि कामाला गेला. आठव्या दिवशी जबडा मिटला. पालघरला नेईपर्यंत अंगाची कमान झाली होती. मी शिवरात्रीचा उपास सोडला नव्हता, तशीच गेले. त्याची आई बुधी दारात बसून होती. मला म्हणाली, ये बाय, बस.

त्यावर आज दुसरे. जागांची यादी चावडीवर लागली, तीत देवूचे घरच नाही. त्याचा थोरला भाऊ जिवल्या, त्याची बायको, पाच मुले आणि बुधी, असे एकच घर धरले आहे. सोमी आणि तिची दोन पोरे कुठेच नाहीत. जिवल्या राहा म्हणतो, तो माणूस वाईट नाही, पण दोन खणांच्या जागेत अकरा माणसे कशी मावणार?

पाड्यातले सगळे मोजणीच्या साहेबांकडे गेले, सांगितले की ही देवूचीच बायको. साहेबांनी कागद पुढे केला. म्हणाले, पुण्याच्या कॉलेजच्या बाईंनी घरोघर विचारून लिहिले आहे, देवू अविवाहित. तुम्ही खरे की शिकलेली बाई खरी?

सोमी मला विचारते, कागदात माझा काय लिवला? मी काय सांगू? तूच कळव.

तुझी,
ताई

---

पुणे,
ता. २५ फेब्रुवारी १९६६

ती. सौ. ताईस पुष्पलताचा शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र वाचून जेवण गेले नाही. देवूने मला पाड्याची प्रत्येक वाट दाखवली होती.

ताई, मी तो शब्द लिहिलेला नाही. त्यांच्यात मुलगा-मुलगी घर करतात, नांदतात, पोरे होतात. लग्न लावायला मंत्रांऐवजी गाणी म्हणणारी धवलेरी लागते, जातीला जेवण लागते, तेवढे भात घरात आले की मग लावतात. कधी पोरे आईबापाच्या लग्नात नाचतात. म्हणून अशा जोड्यांसाठी मी वहीत ठिपक्यांची रेघ काढली आणि खाली लिहिले, "नांदते, लग्न लागायचे आहे." पाड्यात अशी सात घरे होती.

मग अविवाहित कोणी लिहिले? दाजींनी का? रागावू नकोस, पण मला खरे कळले पाहिजे. माझ्या प्रबंधातही तोच शब्द गेलेला आहे, आज पाहिला. तू उतरवलेल्या प्रतीवर मी न वाचता सही केली, घाई होती. म्हणजे साहेबांनी नाव घेतले ते माझेच, आणि ते खोटेही नाही.

हरकत घ्यायला मुदत किती आहे? लवकर लिही.

तुझी,
पुष्पा

---

॥ श्री ॥

बोईसर,
ता. २ मार्च १९६६

चि. पुष्पलतेस आशीर्वाद.

ह्यांना बोल लावू नकोस. तो शब्द माझा.

उतरवताना ती ठिपक्यांची रेघ आली. मला वाटले, प्राध्यापक वाचणार, परगावचे लोक वाचणार, त्यात बिनलग्नाच्या बाईला नांदते म्हणायचे कसे? गळ्यात काही नाही, अक्षता नाहीत, आणि दोन लेकरे. तुझ्या प्रबंधाला बट्टा लागेल असे वाटले. म्हणून सातही ठिकाणी रेघ गाळली आणि स्वच्छ अक्षरात अविवाहित लिहिले. सोमी त्या वेळी मागच्या दारी भांडी घाशीत होती. तिला विचारावे असे मनातसुद्धा आले नाही. बाकी सहाजणींचे नवरे जिवंत आहेत, ते भांडून घेतील. हिचे कोण?

देव्हाऱ्यापुढे कबूल केले, पण देवाला सांगून सोमीला जागा मिळत नाही.

हरकती ऐकायला साहेब अकरा एप्रिलला पालघरला बसणार आहेत. तुझ्या मूळ वहीचे ते पान पाठव, आणि कॉलेजच्या कागदावर लिहून दे की उतरवण्यात चूक झाली. मी स्वतः जाऊन सांगते. हे म्हणाले, तू तिथे उभी राहिलीस तर माझी नोकरी राहायची नाही. मी म्हटले, तर तुम्हीच जा. त्यावर ताटावरून उठले.

तुझी,
ताई

---

पुणे,
ता. १९ मार्च १९६६

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

सोबत वहीचे पान आणि पत्र रजिस्टरने पाठवते. सरांना सगळे सांगितले. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरे वाटले असते. म्हणाले, असे पत्र दिलेस की प्रबंध परत घ्यावा लागेल, कारण सात जोड्यांवर तुझे अख्खे प्रकरण उभे आहे. परीक्षा पुढच्या वर्षी. पाड्यात पुन्हा जाऊन पहिल्यापासून लिहायचे. मी दोन दिवस पत्र लिहिले नाही. ते दोन दिवस तुझ्यापासून लपवत नाही.

मग लिहिले. अण्णांनाही कळवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे: वर्ष बुडाले, आता पुरे, सामान बांध. सरांनी जूनपर्यंत नाव ठेवतो म्हटले आहे. अकराला मी यावे का? अण्णा दहाला न्यायला येणार आहेत.

तुझी,
पुष्पा

---

॥ श्री ॥

बोईसर,
ता. १३ एप्रिल १९६६

चि. पुष्पलतेस ताईचे आशीर्वाद.

तू आली नाहीस, अण्णांपुढे तुझे चालले नसेल. झाले ते संगमनेरच्या पत्त्यावर लिहिते.

मी, सोमी, बुधी आणि जिवल्या पहिल्या गाडीने पालघरला गेलो. वाटेत सोमीला दहादा पढवले, साहेबांनी विचारले तर लग्न झाले म्हण, महालक्ष्मीच्या जत्रेत झाले म्हण. एवढे वय झाले, कधी कोणाला खोटे शिकवले नव्हते. ती मान हलवत होती.

साहेबांनी तुझे पान आणि माझी प्रत शेजारी शेजारी ठेवली. मी सांगितले, तो शब्द माझा, माझ्या मनाचा. ते हसून म्हणाले, एका बहिणीने एक लिहिले, दुसरीने दुसरे, आता आम्ही तिलाच विचारू. सोमीकडे वळून म्हणाले, खरे सांग, देवूशी तुझे लग्न झाले होते?

ती म्हणाली, नाय. यंदा भात पिकला असता तर लावणार होतू.

मी डोळे मिटले. साहेबांच्या कारकुनाने “नाय” एवढेच लिहून घेतले, पुढचे लिहिलेच नाही. बुधी मोठ्याने ओरडली, माझी सून हाय ती, माझ्या मेलेल्या पोराची बायको हाय! तिला बाहेर काढले. यादी कायम झाली.

स्टेशनवर मी सोमीला रागाने म्हटले, एवढे शिकवले ते गेले कुठे? ती म्हणाली, बाय, मेलेल्याच्या नावानं खोटा कसा बोलू? लगीन लागला नाय, त्याची मला काय लाज हाय? मला लाज वाटली, तिला नाही.

ह्यांची नोकरी तूर्त आहे. ठेकेदाराने बोलावून सुनावले. आमच्यात गरजेपुरते बोलणे होते. मागची पडवी सोमीला द्यावी असे मी म्हटले, पण सोमीनेच नको म्हटले. पाडा अक्षयतृतीयेनंतर उठणार. त्याआधीच ती पोरांना घेऊन वैतरण्याकडे वीटभट्टीवर जाणार. बुधी म्हणते मी तिच्यासंगं जाते, जिवल्याच्या घरात नको.

काल पाड्यात गेले होते. कोणी दार लावले नाही, पाणीही दिले. पण तुझे नाव काढून म्हटले, पुष्पा पुन्हा येऊन नीट लिहील, तर एक म्हातारी उठून आत गेली, मग दुसरी. जिवल्या म्हणाला, बाई, आता आमी कोनाला नावां सांगनार नाय. त्या प्रबंधाचे काय करायचे ते तू आणि तुझे सर जाणोत, मला त्यातले कळत नाही. अण्णांना मी वेगळे लिहिते आहे, सामान सोडा म्हणून. ऐकतील असे वाटत नाही.

सोमी वीस तारखेपर्यंत आहे. तिला मी सांगितले आहे, माझ्या तोंडून, भांडी घाशीत होतीस तेव्हा आत काय लिहिले ते. तिने पातेले धुऊन उपडे ठेवले. आता तुझे सांगणे बाकी आहे, न वाचता केलेल्या सहीचे. ते पत्रातून मी वाचून दाखवणार नाही. अण्णांना माझे नाव सांग, माझ्या आजाराचे निमित्त कर, खोटे एकदा शिकवलेच आहे. ये, पण वही आणू नकोस. कोणत्या दिवशी कोणत्या गाडीने येतेस, तेवढे उलट टपाली कळव.

तुझी,
ताई