न केलेल्या सहीबद्दल

४ जानेवारी

पुन्हा तेच! पहिल्या पानाची वरची पट्टी कापलेली. ब्लेडनं, अगदी सफाईनं. वेळेच्या नियोजनावरचं जाडजूड पुस्तक, लेखकाच्या सहीचं. भिंगवाल्यानं फोन करून सांगितलं म्हणून दोन बस बदलून गेले, तर सही जागच्या जागी आणि ज्याला भेट दिलं त्याचं नाव तेवढं गायब. अहो, पुस्तक रद्दीत घालताना लाज वाटली नाही, मग नाव मागे राहिलं तर कसली लाज?

भिंगवाला म्हणतो, "बाई, सही तर आहे ना? मग झालं!" हा माझा जुन्या पुस्तकांचा दुकानदार. गळ्यात दोरीनं भिंग अडकवून बसतो, आणि इतकी वर्षं झाली तरी त्याला कळत नाही की मला नुसती सही नको असते. कुणी, कुणाला, काय म्हणून दिलं, ते हवं असतं. कादंबऱ्या मी घेत नाही. व्यवस्थापन, धोरण, नियोजन — जगाला शहाणपण शिकवणाऱ्यांची पुस्तकं, आणि ज्यांना ती भेट मिळाली त्यांनी ती कशी फुंकून टाकली त्याचा पुरावा.

घरी आल्यावर ह्यांचं सुरू. "लोकांनी लोकांना दिलेल्या भेटी तू विकत घेतेस. जगावेगळी बायको!" स्वतःच हसले. मी नाही हसले.

९ जानेवारी

निर्णय कसे घ्यावेत, या विषयावर दोन खंड. कुठल्याशा संचालकाला 'आदरपूर्वक भेट'. पहिल्या प्रकरणानंतर पानं एकमेकांना चिकटलेलीच. घेतला म्हणायचा निर्णय!

१५ जानेवारी

आमच्या जुन्या कारखान्याच्या प्रशिक्षण संस्थेकडून पत्र आलं. अध्यक्षांची जन्मशताब्दी म्हणून त्यांच्या नावाचं दालन होणार. जुन्या कर्मचाऱ्यांकडे त्यांच्या सहीची पुस्तकं असतील तर प्रदर्शनासाठी द्यावीत. वाचलं आणि हातातली पोळी तव्यावर करपली.

माझ्याकडे आहे की! मला हे सह्यांचं वेड लागलं तेच त्या पुस्तकापायी.

अध्यक्षांचं ते गाजलेलं पुस्तक, विश्वासानं कारखाना कसा चालवावा यावरचं. तेव्हा मी सुरक्षा विभागात नवीन. रसायनाच्या टाक्यांसाठी नवी शेड बांधलेली, मागच्या भिंतीला तडा, बाहेर पडायला एकच दार. शेड सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर माझी सही हवी होती. मी केली नाही. व्यवस्थापकानं आधी आवाज चढवला, मग गोड बोलून पाहिलं, मग बदलीचं नाव काढलं. नाही म्हणजे नाही! शेड रिकामी राहिली. आणि थोड्याच दिवसांत तीच भिंत तशीच उभीच्या उभी खाली आली. आत माणसं असती तर?

मग अध्यक्ष माझ्या खोलीत आले. एवढीशी खोली, एक खुर्ची. दार लावून घेतलं. मी म्हटलं, झालं, आता आपली धडगत नाही. तर खुर्चीत बसले, मांडीवर पुस्तक ठेवलं, आणि लिहिलं — 'न केलेल्या सहीबद्दल आभार.' खाली माझं नाव, त्याखाली त्यांची सही. किती वेळ लावला लिहायला! मी भिंतीला पाठ लावून उभी.

आणि पुढे काय झालं? कारखान्याच्या स्मरणिकेत छापून आलं — 'अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे शेडचा वापर वेळीच थांबला.' दूरदृष्टी! व्यवस्थापक त्यांच्या शेजारी हार घालून फोटोत. माझं नाव औषधालासुद्धा नाही. तेव्हापासून कुणाला सांगायला गेलं की लोक असे बघतात, जणू म्हातारी स्वतःची आरती ओवाळतेय. ते चार शब्द एवढाच माझा साक्षीदार आहे. आता काचेच्या कपाटात बसेल. वाचा म्हणावं!

२२ जानेवारी

पुस्तक देऊन आले. संस्थेनं एक संग्रहपाल नेमलाय, पोरसवदा, नाकावर चष्मा, हातात पांढरे हातमोजे. माझं पुस्तक दोन बोटांत असं धरलं, जशी मेलेली पाल उचलावी. 'तपासून कळवतो' म्हणाला. तपासायचंय काय त्यात?

३ फेब्रुवारी

परत आलं!! शिपायाबरोबर, तपकिरी पाकिटातून. सोबत चिठ्ठी — 'सहीच्या अस्सलपणाबद्दल खात्री देता येत नसल्याने साभार परत.'

साभार!

४ फेब्रुवारी

रात्रभर डोळा नाही. ह्यांनी कधी नव्हे तो चहा केला. म्हणाले, "अगं, ते नाही म्हणाले तर नाही. पुस्तक आपल्याकडे आहे ना?" मी म्हटलं, "पुस्तक आहे हो, मी खोटी ठरलेय!" सही खोटी म्हणजे वरचं वाक्यही खोटं. म्हणजे मीच बसून लिहिलं. स्वतःचे आभार स्वतः मानले, आणि अध्यक्षांच्या नावानं! ह्यांना कळेचना, शेवटी कळलं. चहा तसाच गार.

६ फेब्रुवारी

गेले संस्थेत. म्हटलं तोंडावर विचारू.

हातमोजेवाल्यानं कपाट उघडून दाखवलं. मोठमोठ्या निवृत्त साहेबांनी दिलेल्या प्रती, एका ओळीत मांडलेल्या. सगळ्यांवर सही तीच — झोकदार, एका दमात ओढलेली, शेवटी लांब शेपूट. "आणि ही तुमची," म्हणाला. माझी वाकडी. अक्षरं सुटी, मध्ये अडखळलेली, जिथेतिथे थरथर. "थरथर ही नक्कल करणाऱ्या हाताची खूण असते, मॅडम. खरा माणूस स्वतःचं नाव न थबकता लिहितो."

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांसमोर केलीय त्यांनी!"

"आठवणी फसवतात, मॅडम."

"मांडीवर पुस्तक धरून लिहिलं होतं, म्हणून वाकडी आलीय!"

"एवढ्या सगळ्या प्रती एकीकडे, आणि तुमची एक एकीकडे. आम्ही तरी काय करणार?"

वा रे वा! म्हणजे सह्यांचं मतदान घेतलं, आणि मी पडले. त्याला म्हटलं, तुझ्या वयाला मी ज्या भिंतीवर बोट ठेवलं ती भिंत पडली होती. तो म्हणाला, "स्मरणिकेत तसा उल्लेख नाही." डोक्यात अशी तिडीक गेली! पर्स उचलली आणि निघाले. छत्री तिथेच राहिली. राहू दे.

७ फेब्रुवारी

माझ्या कपाटात अध्यक्षांच्या सहीच्या आणखी तीन प्रती आहेत, वेळोवेळी भिंगवाल्याकडून घेतलेल्या. एक त्यांच्या औद्योगिक धोरणावरच्या पुस्तकाची. सगळ्या पिशवीत घालून त्याच्याकडे गेले. बरीच वर्षं माझं खाल्लंय यानं, निदान हा तरी बाजू घेईल.

भिंग लावून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "रागावू नका बाई. ह्या तीन छान आहेत. ही चौथी मी घेतली नसती."

घराचे वासे फिरले म्हणजे काय ते आज कळलं.

८ फेब्रुवारी

कुणाशी बोलले नाही.

११ फेब्रुवारी

आज सावलीकडे गेले. सावली म्हणजे अध्यक्षांचे खाजगी सचिव. कायम एक पाऊल मागे चालायचे म्हणून आम्ही बायकांनी ठेवलेलं नाव. सुचायला इतके दिवस लागले माझ्या मेलीच्या डोक्याला! ज्या माणसानं जन्मभर अध्यक्षांचे कागद सांभाळले तोच सांगेल ना, सही कुणाची ते.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. खूप थकलेत, पण टेबल अजून तसंच — पेन्सिली एका रांगेत, टोकं सगळी एका बाजूला. मी आधी माझं पुस्तक ठेवलं. त्यांनी उघडलं. बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

"ही साहेबांचीच," म्हणाले.

हुश्श! मला रडूच यायचं बाकी होतं. मी पटकन बाकीच्या तीन पुढे सरकवल्या. म्हटलं, "मग ह्या का वेगळ्या?"

त्यांनी एकेक उघडून पाहिली. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणाले, "ह्या माझ्या."

मला वाटलं, त्यांच्या मालकीच्या. तसं नव्हे! सह्या त्यांच्या! त्या तिन्ही, आणि संस्थेच्या कपाटातल्या झाडून सगळ्या. ते गाजलेलं पुस्तक निघायच्या आदल्या वर्षापासून साहेबांचा उजवा हात कापायचा. तेव्हा कर्जासाठी बँकांशी बोलणी चाललेली. "हात हलतो म्हटलं की लोक म्हणतात खुर्ची हलते," म्हणाले. कारखान्याच्या कागदांवर साहेब स्वतःच सही करायचे, दार बंद करून, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून. एकेका सहीला घाम फुटायचा. ढीगभर पुस्तकांना कुठून आणणार बळ? "तुमचं पुस्तक काढलं तेव्हा मी पेन उघडलं होतं, बाई. म्हणाले, हिच्या पुस्तकावर तू नको करूस."

मी म्हटलं, "मग चला! आत्ता! संस्थेत चलून सांगा हे!"

मान हलवली. "कुणाला सांगणार नाही असा साहेबांना शब्द दिलाय."

"साहेब गेले हो!"

"म्हणून काय झालं?"

"मग मी खोटी ठरू? आणि तुमच्या नकला काचेत मिरवू देत?"

खाली बघत पेन्सिली नीट करत बसले. नीटच होत्या त्या. मी पुस्तकं पिशवीत कोंबली आणि जिने उतरले. उतरताना जे जे तोंडात आलं ते पुटपुटले, इथे लिहिण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी

अध्यक्षांचाही राग राग येतोय. पुस्तकातलं सहाव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य काय? 'ज्या कागदावर तुमचं नाव, त्यावर तुमचाच हात हवा.' आम्हाला पाठ करायला लावलं होतं प्रशिक्षणात! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि मी त्यांच्या नकला शोधत भिंगवाल्याच्या दुकानात गुडघे टेकून खालच्या फळ्या धुंडाळत होते.

ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. पुस्तक हातात घेऊन त्या चार शब्दांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "तुझ्यासमोर केली म्हणजे हात तुला दिसला असणार, हे त्यांना माहीत होतं."

दिसला होता. डावा हात उजव्या मनगटावर होता. मला वाटलं, राग आवरतायत.

१५ फेब्रुवारी

तीन दिवस भांडतेय स्वतःशी. सगळ्यांसमोर सांगितलं तर मी खरी ठरेन, एकदम मान्य. पण मग तो हातमोजेवाला काय करील? काचेखाली पाटी लावील — अमुक आजार, अमुक साल. निवृत्त साहेब मंडळी चहा पीत चघळतील, तरीच म्हटलं हात कायम खिशात! ज्यांनी जन्मभर लपवलं, आणि माझ्यापुरतं तेवढं लपवलं नाही, त्यांचाच हात मी चव्हाट्यावर मांडू?

नाही. होणार नाही माझ्याच्यानं.

मग काय, मूग गिळून बसायचं. मी! शाळेत ह्या तोंडापायी छड्या खाल्ल्या, नोकरीत बढत्या घालवल्या, आणि आता ऐन म्हातारपणी गप्प! फार फार राग येतोय. कुणाचा ते धड सांगताही येत नाही, म्हणून आणखी येतोय.

ह्यांनी विचारलं, "उद्घाटनाला मग नाही ना जायचं?"

"जाणार! मी काय चोरी केलीय तोंड लपवायला?"

१९ फेब्रुवारी

पुस्तक पुन्हा माझ्या कपाटात ठेवलं. बाकीच्या तीन वेगळ्या फळीवर हलवल्या. फेकणार होते, हात धजला नाही.

सचिवांना फोन केला. म्हटलं, त्या दिवशी नको ते बोलले, विसरा. आणि मी कुठेही तोंड उघडणार नाही, निर्धास्त असा. पलीकडून नुसतं "बरं." आभारसुद्धा नाहीत! माणूस आहे की दगड?

२१ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. भाषणांत दूरदृष्टी तीनदा आली, मी दात आवळून बसले. शेवटी अभिप्रायाची वही फिरली, आणि सचिव काठी टेकत पुढे आले. सगळ्यांदेखत, एक अक्षर न बोलता, त्यांनी वहीत अध्यक्षांची सही केली — झोकदार, एका दमात, लांब शेपटासकट. हातमोजेवाला वहीकडे बघतोय, कपाटाकडे बघतोय, पुन्हा वहीकडे.

सचिवांनी पेन बंद करून खिशाला लावलं. मग माझ्याकडे हात करून त्याला म्हणाले, "आता बाईंकडे जाऊन त्यांचं पुस्तक मागा. द्यायचं की नाही, ते त्या ठरवतील."