घागर खांद्यावर, नाड्या पायात

किनगाव, रविवार दुपार

ती. संगमेश्वर दाजी यांना मृत्युंजयचा शरणु शरणार्थ. अक्काची कंबर आता कशी आहे? तुम्ही पुण्यात कोरडे असालच.

ताजी बातमी अशी की माझ्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं. इथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्याला दुजोरा दिला आहे. डाव्याकडे बघून त्यानं नुसती मान हलवली.

नांदेडच्या घाटावर भरलेली गोदागंगेची घागर चालत परळीला वैजनाथाला न्यायचा मान यंदा आपल्या घराला आहे. घागर वाटेत जमिनीला टेकवायची नाही (मुक्कामाला ती देवळात टांगतात) आणि दुसऱ्यानं हातात घेतली की तिथून पुढचा मान त्याचा. तुमच्या सासऱ्यांना, आप्पांना, हा मान जन्मात मिळाला नाही. गुडघे गेले तरी ते उद्या परळीच्या पायरीशी खुर्ची टाकून बसणार आहेत. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माझ्यासाठी बूट निवडून धाडताना आठवलं नसावं, म्हणून लिहिलं.

तुमचे बूट वॉटरप्रूफ आहेत हे मान्य. लोह्याच्या अलीकडे वरून आत गेलेलं पाणी अहमदपूर सोडलं तरी बाहेर आलेलं नव्हतं. काळ्या रानातल्या चिखलानं तळव्यांना एकेक जादा तळवा आला, तेव्हा मी उंच दिसू लागलो, एवढाच फायदा. जाकीट श्वास घेतं म्हणालात. घेत असेल, मला मात्र घेऊ देत नाही. टोपीमुळे मागून आलेल्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि ती लवकर वाळणारी पँट वाळण्यासाठी आधी पाऊस थांबावा लागतो (ही अट दुकानदारानं सांगितली नसेल).

पण खरी मौज वेशीवर. प्रत्येक गावात बाया तांब्या घेऊन उभ्या, कारण घागरवाल्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे पाय धुतल्याशिवाय गावात पाऊल नाही. तुमच्या बुटांच्या नाड्या नडगीपर्यंत. खांद्यावर घागर, त्यामुळे मला वाकता येत नाही. मग बायको म्हणून महानंदा पदर खोचून चिखलात बसते. भिजून फुगलेल्या गाठी दातानं सोडवताना तिनं तुमच्याबद्दल जे काढलं, ते अक्कासमोर वाचता येणार नाही.

आणि दर वेळी शिवमूर्ती हजर! आपला कापडवाला, ज्यानं परळीत लावायला स्वतःच्या फोटोचा बॅनर आधीच छापून ठेवलाय. अंगावर खताच्या पोत्याची खोळ, पायात प्लास्टिकचे सँडल. कंपनीचं नाव पाठीवर घेऊन हा जाहिरातीसारखा चालतो, आणि वर म्हणतो, "मृत्युंजयराव, बुटात मासे पाळून राहिलेत का? द्या घागर इकडं, वाकून घ्या निवांत."

"तुम्ही बॅनर धरा भाऊजी, त्येवढं लई झालं," महानंदा खालूनच म्हणाली. वेशीवरच्या बाया हसल्या. तो हसला नाही, पण हातही मागे घेतला नाही. काल माझा पाय घसरला तेव्हा त्याची बोटं घागरीच्या काठाला लागता लागता राहिली.

इथं गुरम्माबाईंकडे मुक्काम आहे. त्यांनी माझे पाय बघून एवढंच विचारलं, "ह्ये कुणी धाडलं रं बाबा? वैरी हाय का पाव्हणा?" पाहुणा, असं मी सांगितलं. तुमची अब्रू राखली.

अक्काला नमस्कार.

आपला,
मृत्युंजय

ता. क. मोबाईल तुमच्या जाकिटाच्या वॉटरप्रूफ खिशात मेला. या पत्राचा फोटो गुरम्माबाईंच्या मोबाईलवरून पाठवतोय.

ता. क. दुसरा. खरं काम हे. चुलीपाशी वाळत घातलेल्या बुटांत पाय घालून शिवमूर्ती आरशापुढं वळून वळून बघत होता. गुरम्माबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. तरी पत्र मिळताच त्याला फोन करा. बुटांची स्तुती करा, आणि शेवटी म्हणा की हे बूट सगळ्यांना पेलत नाहीत, तुम्ही नादी लागू नका. जाकिटाबद्दलही तसंच म्हणून टाका.

ता. क. तिसरा (याचा फोटो वेगळा). तुमचा फोन त्याला पोचला. शिवमूर्ती आत्ताच येऊन गेला. दाजींची भेटवस्तू कशी देऊ म्हणून मी थोडे आढेवेढे घेतले, मग बूट आणि जाकीट दोन्ही दिले. मला गुरम्माबाईंच्या घरातल्या जुन्या रबरी चपला मिळाल्यात. पाऊस उद्याही आहे. आम्ही उजाडताना निघू. धर्मापुरीच्या वेशीवर शिवमूर्ती दगडावर बसून नाड्या सोडत असेल आणि घागर गावातून पुढं गेली असेल, अशी अपेक्षा आहे.